वर्षाच्या आत

लवंगेचं डोकं चिमटीतच तुटलं. देठावरचा तो एवढासा गोल मणी सुटला, संगमरवरी ओट्यावरच्या मैद्यात कुठेतरी गेला, आणि एव्हान्थियाच्या बोटांत नुसती काळी काडी राहिली. आता ही काडी टाकायची, डबीतून दुसरी लवंग शोधायची, ती अखंड आहे का ते उजेडाकडे धरून बघायचं... पण उजेड तरी कुठे होता? खिडक्यांच्या झडपा तिने सकाळीच ओढून घेतल्या होत्या, आतून कड्या घातल्या होत्या, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल खोचला होता. सकाळचे दहा वाजले होते आणि स्वयंपाकघरात दिवा जळत होता. बाहेर डिसेंबरचं स्वच्छ ऊन पडलं असणार. बंदरावर कुणीतरी होडीचं बूड खरवडत होतं, तो आवाज झडपांच्या फटींतून येत होता—खर्र, खर्र—आणि तिला वाटलं, आवाज आत येतो म्हणजे वासही बाहेर जाणारच.

"मोडली?" सासूने खुर्चीतून विचारलं.

"हो आई."

"मोडकी लावू नकोस. वाईट दिसते."

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या कालिरोईला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, आपण कुठल्या खोलीत झोपतो ते आठवत नव्हतं, परवा तर तिने एव्हान्थियाच्या हातातल्या कंगव्याकडे बघून हे काय असतं म्हणून विचारलं होतं. पण कुराबियेदेसवर, नाताळच्या त्या लोणी-साखरेच्या बिस्किटांवर, मोडकी लवंग लावायची नाही हे पक्कं आठवत होतं. आणि लवंग मोडल्याचा आवाज, जो मुळात होतच नाही, तो तिला शेगडीजवळ गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसल्या जागी ऐकू आला होता.

एव्हान्थियाने दुसरी लवंग घेतली. ट्रेमध्ये लोण्यामैद्याचे गोळे रांगेत बसले होते, प्रत्येकाच्या माथ्यावर अंगठ्याने दाबल्याची खळी, खळीत लवंग. हात चालत होते. हातांना काही विचारावं लागत नाही, ते बरं असतं. दमलेलं असतं ते बाकीचं सगळं.

चुकलं ते काल संध्याकाळी. म्हातारीचे पाय कोमट पाण्यात बुडवून ती खाली बसली होती, नखं कापत होती. ती नखं आता शिंगासारखी झाली आहेत, कात्री लागत नाही, पक्कड लागते. तेवढ्यात रोजचा प्रश्न आला, "इसिदोरोस कुठवर आला?" आणि वर न बघता, विचार न करता तिने म्हणून टाकलं, "ऑगस्टाला."

ऑगस्टा. सिसिलीतलं ऑगस्टा. जगातली एवढी बंदरं पडली असताना दमलेल्या तोंडातून हेच निघावं. म्हातारीने पाण्यातला पाय वर उचलला, पाणी एव्हान्थियाच्या मांडीवर सांडलं. "ऑगस्टाहून पिरेयस दोन दिवस! आणि तिथून आपल्या बेटावर रात्रीची बोट! म्हणजे नाताळला पोचतो!" मग डोळे बारीक करून, जुन्या आवाजात, ज्या आवाजाला एव्हान्थिया लग्नानंतरची पहिली दहा वर्षं घाबरत असे: "आणि घरात एक कुराबियेस नाही? माणूस आठ महिन्यांनी घरी येतो आणि त्याच्यापुढे काय ठेवशील, पाव? काय बायको आहेस का कोण?"

इसिदोरोस कुठेही येत नव्हता. तो वर होता, चर्चमागच्या सरूंच्या झाडांखाली, एप्रिलपासून.

चार वेळा सांगितलं होतं. पहिल्यांदा अर्थातच त्याच दिवशी. तेव्हा म्हातारी दफनभूमीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आली होती, रीतीप्रमाणे तिने आकांत केला, मुलाच्या कपाळाचं शेवटचं चुंबन घेतलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठून विचारलं, इसिदोरोसचं पत्र आलं का? मग दुसऱ्यांदा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं... ऐकल्यासारखं नाही, पहिल्यांदाच ऐकत होती ती. चौथ्या वेळी तिने नखांनी गालाची कातडी ओढून काढली आणि डॉक्टर आला. गालाला पट्टी लावता लावता तो एव्हान्थियाला म्हणाला, "बाई, एका बाईला एकच मुलगा किती वेळा पुरायला लावणार?" त्या दिवसापासून इसिदोरोस जहाजावर आहे.

दुसऱ्या कुणाच्या सासूला एवढं पुरलं असतं. पण कालिरोई खलाशाची मुलगी, खलाशाची बायको, खलाशाची आई. "सान्तोसहून जिब्राल्टर आठ दिवसांत?" जुलैमध्ये एकदा तिने भुवया उंचावल्या होत्या. "जहाज आहे का विमान?" तेव्हा एव्हान्थियाने माळ्यावरून नवऱ्याचे नकाशे खाली काढले. रोज सकाळी म्हातारी उठायच्या आत ती नकाशावर बोट ठेवून बघते, आज कुठवर आला असेल, हवा कशी असेल, डर्बनला माल उतरवायला किती दिवस... तो खरोखरच समुद्रावर होता त्या एकतीस वर्षांत तिने इतका चोख हिशोब कधी ठेवला नव्हता. तेव्हा तार आली की कळायचं. नाही आली तर तो कुठेतरी आहे एवढं पुरत असे.

आणि दुखवट्याच्या घरात वर्षाच्या आत लोणी फेटत नाहीत. पांढरी साखर घरात उधळत नाहीत. शेजारपाजारचे आणून देतात ते तोंडात टाकायचं, तेही कुणी बघत असताना अर्धंच. हे तिला कुणी सांगायला नको होतं. म्हणून तर झडपा.

"पुढचं लोणी पांढरं झालं का?"

"होतंय आई."

"दाखव."

तिने परात उचलली, खुर्चीपाशी नेली, गुडघे टेकून बसली. मेंढीच्या दुधाचं लोणी, हाताने फेटलेलं. यंत्र तिने कपाटातून काढलंच नव्हतं, त्याची घरघर गल्लीच्या टोकापर्यंत जाते. अर्धा तास एकाच दिशेने हात फिरवून उजव्या खांद्यात आता कळ भरली होती. म्हातारीने एक बोट परातीत बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, तोंडात घातलं.

"अजून पिवळं आहे."

"दिव्याचा उजेड पिवळा आहे आई."

"मला शिकवू नकोस." मग तिची नजर लोण्यावरून वर सरकली, एव्हान्थियाच्या बाहीवर, गळ्यापाशी, आणि तोंडावरचा कडकपणा विरघळला. "पोरी, तू काळं का घातलंयस? कोण गेलं?"

"मावशी. थिमियानाची."

"अरेरे." म्हातारीचा हात तिच्या डोक्यावर आला, केसांना लोणी लागलं. "देव तुला आयुष्य देवो. त्रास झाला का तिला?"

"नाही. बसल्या बसल्या गेली."

"मग चांगलं मरण आलं. रडलीस का?"

"हो आई."

"रड. मनात ठेवू नकोस."

रोज. कधी सकाळी, कधी जेवताना, कधी दोन्ही वेळा. थिमियाना गावात एव्हान्थियाची मावशी कधीच नव्हती, आणि तरी गावात जेवढ्या बायकांनी तिचा हात धरून रीतीचे शब्द म्हटले होते त्यांतल्या एकीचाही हात डोक्यावर इतका जड पडला नव्हता. कधी कधी तर ती सकाळी मुद्दाम काळा रुमाल पुढे ओढून म्हातारीसमोर उभी राहते—हे कुणाला सांगायचं नाही, हे फार वाईट आहे—विचारावं म्हणून.

ती उठली. पुन्हा फेटू लागली. मैदा घेईल तेवढा घालायचा, असं म्हातारी सांगते. किती घेईल ते हाताला कळतं. भाजलेले बदाम, थोडीशी बडीशेपेची दारू, ऊझो, आणि पीठ परातीच्या कडा सोडू लागलं की थांबायचं. थांबायचं कसं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती; तेवीस दिवसांनी इसिदोरोस जहाजावर गेला आणि ती या स्वयंपाकघरात या बाईबरोबर राहिली. तेव्हापासून आजपर्यंत. मूल झालं नाही. हिशोब केला तर नवऱ्यापेक्षा सासूबरोबर कितीतरी जास्त रात्री ती एका छपराखाली झोपली होती, जास्त भांडली होती, जास्त वेळा एका ताटात जेवली होती. लग्न कुणाशी झालं आपलं?—हा विनोद या गावात सगळ्याच बायका करतात.

फोन वाजला. हात पुसायला वेळ नव्हता. तिने रिसीव्हर कोपराने उचलला आणि खांद्याशी धरला. पिरेयसहून मार्केला, नणंद.

"काय करतेयस?"

"काही नाही. कपड्यांच्या घड्या."

"आई?"

"बसलीय."

"ऐक. वृद्धाश्रमात जागा मिळाली. सहा जानेवारीनंतर केव्हाही नेता येईल, खोलीत दोघीच, खिडकी आहे. मी स्वतः बघून आले. पण आज सांगायचं आहे गं, नाहीतर पुढच्या माणसाला देतील."

रिसीव्हरला लोणी लागत होतं.

"ऑक्टोबरमध्ये तूच फोन केला होतास. रडत."

"रडत नव्हते."

"बरं, नव्हतीस रडत. पण म्हणालीस, आता नाही होत. मी काही म्हणतेय का? तुला कुणी नावं ठेवणार नाही. ठेवली तर मला सांग, मी येऊन बघते एकेकीला. तुझी कंबर गेली, झोप गेली. तो असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं."

"तिथे तिने त्याचं विचारलं तर?"

"कुणाचं?" आणि मग मार्केलाच्या लक्षात आलं. "त्यांना सवय असते. त्या हळूहळू खरं सांगतात म्हणे. किंवा विषय बदलतात." मग घाईने, "तीन वाजता परत करते फोन. विचार कर. म्हणजे विचार करू नकोस, हो म्हण."

फोन ठेवला. हो म्हणायचं आहे. नक्की म्हणायचं आहे. रात्री तीनदा उठायचं नाही, ओल्या चादरी बदलायच्या नाहीत, बाहेरच्या दाराची किल्ली गळ्यात बांधून झोपायचं नाही, नकाशे नाहीत... सरळ आठ तास झोपायचं, मग उठून वर सरूंच्या झाडांपाशी जायचं, दिवा लावायचा, दुसऱ्या बायका लावतात तसा. म्हणजे विधवा व्हायचं. आठ महिने झाले आणि तेवढ्याला तिला सवडच मिळाली नाही. या घरात इसिदोरोस मेलेला नाही, घराबाहेर पडलं की मेलेला असतो, पावाच्या दुकानात मेलेला असतो, आणि परत येऊन उंबरा ओलांडला की, "काय गं, तार आली का?" दिवसातून किती वेळा हा उंबरा. त्यानेच कंबर गेली असेल, चादरींनी नव्हे.

पहिला ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि दहा मिनिटांत तो वास उठला. लोणी, बदाम आणि त्यात लवंगेचा तिखट धागा. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

या ओट्यापाशी नाही, त्या टेबलापाशी बसला होता तो. एप्रिलमधला मंगळवार होता. निवृत्त होऊन घरी आल्याला वीस महिने झाले होते, आणि वीस महिने मी त्याच्याभोवती वळसे घालून चालत होते. इंजिनियर माणूस, घरात इंजिन नाही. मग इस्त्री उघड, घड्याळ उघड, त्या दिवशी रेडिओ उघडला होता, टेबलभर स्क्रू, वायरी, आणि मला फरशी पुसायची होती. बादली भरलेली होती. आई आत हाका मारत होत्या. मी म्हटलं, "ऊठ बाबा इथून. जहाजावर होतास तेच बरं होतं." चिडून पण नाही म्हटलं. नुसतं म्हटलं, जसं पाय उचल म्हणतो. त्याने सगळे स्क्रू टोपीत गोळा केले, एकही खाली पडू दिला नाही, आणि गेला. धक्क्यावरच्या बाकावर बसला. कॉफीवाल्या निकोलिसला वाटलं, उन्हात डुलकी लागलीय. तासभर त्याला डुलकीच वाटत राहिली.

आणि मग मीच त्याला जहाजावर पाठवलं. रोज पाठवते.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबांनाही नाही. सांगायचं काय? पाप म्हणावं असं त्यात काही नव्हतं, फरशी तर खरंच पुसायची होती.

ट्रे बाहेर आला. गोळे फुगले नव्हते, तडकले नव्हते, खालून तेवढे किंचित तांबूस. ती एकेकावर गुलाबपाणी शिंपडत होती तेवढ्यात दारावर थाप पडली.

"एव्हान्थिया! अगं जिवंत आहेस का? भर दुपारी झडपा लावून बसलीस ती?"

समोरची अर्गिरो. तिने टॉवेल पायाने बाजूला सारला आणि दार उघडलं, एवढंसं, आपल्या अंगाएवढंच. अर्गिरोच्या हातात भरतकामाच्या रुमालाने झाकलेली बशी होती. दुखवट्याच्या घरी आणतात तशी. तिने बशी पुढे केली, तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. नाकपुड्या हलल्या.

"एव्हान्थिया."

"हं."

"हा वास तुझ्या घरातून येतोय."

एव्हान्थियाने दार आणखी थोडं ओढून घेतलं.

"नऊ महिनेसुद्धा झाले नाहीत त्याला." आवाज चढला नाही, उलट खाली गेला, म्हणून जास्त लागला. "माझा मिखालिस गेला तेव्हा पाच वर्षं या हातांनी लोण्याला शिवले नाही मी. ईस्टरला अंडी रंगवली नाहीत. आणि तू... मला वाटलं, एकटी आहे, तोंडात टाकायला घरात गोड नसेल, म्हणून मी पहाटे उठून..." तिने बशी मागे घेतली, छातीशी धरली. "इतकी काय तुला हौस आली होती?"

सांगता आलं असतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण ती दोन वाक्यं कुठून तरी खालून, विहिरीतून ओढून आणायची होती आणि एव्हान्थियाच्या हातांत तेवढा जोर नव्हता. ती दाराला धरून नुसती उभी राहिली, वाट बघत, की अर्गिरोने जावं आणि संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं ते होऊन जावं.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला, खणखणीत. "अर्गिरो का? आत ये म्हणावं तिला! इसिदोरोस येतोय म्हणून सांग!"

अर्गिरोने एव्हान्थियाकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरून आत. उन्हाळ्यापासून एव्हान्थियाने कुणाला म्हातारीच्या जवळ जाऊ दिलं नव्हतं. म्हातारीचं डोकं चालत नाही एवढंच गावाला माहीत होतं. अर्गिरो तिला बाजूला करून आत शिरली, झाकलेली बशी तशीच छातीशी धरून खुर्चीसमोर उभी राहिली. शेगडीच्या उजेडात कालिरोईचा चेहरा चमकत होता.

"ऑगस्टाला आलाय," म्हातारी म्हणाली. "दोन दिवस आता. आणि तुझा मिखालिस? तो कुठल्या बंदरात?"

अर्गिरोच्या नवऱ्याचं, मिखालिसचं, जहाज अकरा वर्षांपूर्वी बिस्केच्या उपसागरात बुडालं होतं. त्याचं प्रेत मिळालं नव्हतं.

बोल. काहीही बोल, नाहीतर मला बोलू दे... एव्हान्थिया मनात म्हणत होती, आणि अर्गिरोची मान ताठ झाली होती, रुमालाचं टोक तिच्या मुठीत चुरगळत चाललं होतं. ओव्हनमधल्या दुसऱ्या ट्रेचा वास दाट झाला.

"ह्यूस्टनला," अर्गिरो म्हणाली.

"काय भरतायत?"

"कापूस."

"मग तीन आठवडे धर. अटलांटिकला आता हवा खराब असते." म्हातारीने समजुतीने मान हलवली. "तरी तूही लोणी काढून ठेव."

"काढते," अर्गिरो म्हणाली.

ती दारापाशी परत आली तेव्हा तिने बशी कुठे ठेवली ते दोघींनाही कळलं नव्हतं. उंबऱ्यावर ती थांबली, भिंतीला हात टेकला.

"रोज करतेस हे?"

"रोज."

"मला बघ भिंत धरावी लागली. मी एकदाच बोलले." मग एव्हान्थियाकडे न बघता, "आणि बरं वाटलं गं मला. 'ह्यूस्टनला' म्हटलं आणि एवढं बरं वाटलं... तेच वाईट आहे." तिने नाक पुसलं. गल्लीत पलीकडे कुणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला, तशी ती एकदम वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खा गं बाई चार, ठेवू नकोस तसेच! आत्ताच ओव्हनमधून काढलेत मी, बघ ना, तुझं घरसुद्धा वासाने भरून गेलं!" आणि निघून गेली.

एव्हान्थियाने दार लावलं. टॉवेल परत खोचला नाही.

दुसरा ट्रे जरासा जास्त भाजला गेला होता. तिने मोठं ताट घेतलं, तळाशी पिठीसाखर पसरली, वर कुराबियेदेस मांडले, मग चाळणीतून वरून साखर. चाळणीच्या कडेवर तळव्याने हलके हलके थापा मारत राहायचं, घाई करायची नाही, पहिली साखर लोणी ओढून घेतं, ती दिसेनाशी होते, मग दुसरी, मग तिसरी; लवंगेचं टोकसुद्धा दिसू नये इतकी. काळ्या ब्लाउजवर, बाह्यांवर, पापण्यांवर साखर बसली. तिने झटकली नाही.

म्हातारीच्या मांडीवर रुमाल पसरून तिने एक हातात दिला. आधी म्हातारीने अर्गिरोच्या बशीतला चाखून बघितला होता, ती बशी टेबलाच्या कडेला सापडली होती, आणि "हिचे जन्मात घट्टच होणार" म्हणून तो बाजूला ठेवला होता. आता तिने घरचा दातांनी, म्हणजे होते त्या तीन दातांनी, तोडला. तो हनुवटीवर, छातीवर, घोंगडीवर भुगा होऊन सांडला, आणि तिने डोळे मिटले.

"झालेत." बराच वेळ चघळून झाल्यावर ती म्हणाली. "त्याच्या पोटात जाऊ दे निदान दहा-बारा. आणि मग लावून दे बाहेर."

"कुणाला?"

"इसिदोरोसला. पायात पायात येईल नुसता. पुरुष घरी आला की स्वयंपाकघराची वाट लागते. याचा बाप दोन महिने असायचा सुट्टीवर, आणि मी दिवस मोजायची, आता जाईल मग जाईल. एकदा तर केरसुणी घेऊन धावले मी त्याच्यामागे, देवाशप्पथ! म्हटलं, जा, समुद्रात जा, तिथेच शोभतोस तू!" ती हसायला लागली. साखर उडाली. "आणि तो गल्लीत उभा राहून ओरडतोय, माझे बूट तरी दे बये!"

एव्हान्थियाला हसू आलं. ते आलेलं तिला कळलंही नाही, पोटातून एक उसळी आली आणि आवाज बाहेर पडला, कर्कश, अनोळखी, आणि थांबेना. बूट तरी दे. टोपीत स्क्रू गोळा करणारा तो माणूस, वाकून, टेबलाखालीसुद्धा बघून, एकही राहिला नाही ना... ती ओट्याची कड धरून हसत होती, आणि मग ते हसू राहिलं नव्हतं, कधी बदललं कुणास ठाऊक, ती खाली, खुर्चीच्या पायाशी बसली होती, डोकं म्हातारीच्या मांडीवर, साखरेच्या भुग्यात, आणि तिच्या घशातून जे निघत होतं ते तिने एप्रिलमध्ये, भर गावादेखत, रीत म्हणूनसुद्धा काढलं नव्हतं.

"हां, हां," म्हातारी म्हणत होती. कशासाठी ते तिने विचारलं नाही. विसरली असेल. नुसती पाठ थोपटत राहिली, चाळणीवर थोपटतात तशी, घाई न करता.

फोन वाजायला लागला. तीन वाजले असणार.

"घे तो. तोच असेल."

एव्हान्थिया उठली नाही. फोन वाजत राहिला, पिरेयसमधली ती खिडकीची खोली वाजत राहिली. हो म्हणायचं होतं, अजूनही म्हणायचं होतं, कंबर तशीच दुखत होती आणि रात्री तीनदा उठणं काही टळणार नव्हतं; परवा, नाताळच्या सकाळी, तो का आला नाही तेही सांगावं लागणार होतं, आणि काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. फोन थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मग थांबला. घर एकदम गप्प झालं, इतकं की कोपऱ्यातल्या फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येऊ लागली.

"आई," ती म्हणाली. डोकं तसंच मांडीवर होतं. "इसिदोरोसला घरी झोप यायची नाही."

"का?"

"आवाज नाही म्हणून. इंजिनाचा. तीस वर्षं इंजिनाशेजारी झोपलेला माणूस, तो पलंगावर नुसता डोळे उघडे ठेवून पडायचा. मग गादी ओढत इथे आणायचा, आणि फ्रीजला पाठ लावून झोपायचा. घोरायचा अगदी. सकाळी मी दूध घ्यायला आले की याला ओलांडून जावं लागायचं."

यायची नाही. आणायचा. घोरायचा. शब्द तिच्या तोंडून असे निघाले होते, मागच्या काळातले, एकापाठोपाठ एक, आणि ती श्वास रोखून वाट बघत राहिली. म्हातारीचा हात पाठीवर थांबला होता.

"फ्रीजला पाठ लावून?" म्हातारी म्हणाली. तिला मजा वाटत होती. "गाढव कुठला! मग? तू काय म्हणायचीस?"

एव्हान्थियाने डोकं वर उचललं. गालाला, कपाळाला साखर चिकटली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्याच्याबद्दल काही शोधून काढावं लागत नव्हतं. सगळं होतं, वीस महिन्यांचं सगळं तिच्यापाशी होतं, फक्त कुठून सुरू करावं एवढंच तिला कळत नव्हतं.